शून्य की एक? व्हिडिओ डीकोडिंगमधील एका दोषाचा इतिहास

या शतकाच्या पहिल्या दशकात संगणकावर डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड पद्धतीने साठवलेले चित्रपट पाहणाऱ्यांना अधूनमधून एक चमत्कारिक प्रकार दिसे. प्रसंग सुरू होताना चित्र स्वच्छ असे. दृश्य संथपणे सरकू लागले, की मागच्या भिंतीवर किंवा आकाशावर हळूहळू हिरवट वा गुलाबी झाक चढे. काही सेकंदांनी ती एका क्षणात नाहीशी होई आणि पुन्हा पहिल्यापासून जमू लागे. फाइल तपासावी तर ती निर्दोष. डीकोडर तपासावा तर तोही मानकाच्या कसोटीला उतरलेला. तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये लावली, तर झाक मुळीच नसे.

दोन्ही पक्ष निर्दोष असूनही निकाल चुकीचा, अशा या कोड्याचे मूळ तीस वर्षे मागे, अमेरिकेतील कॅन्सस स्टेट विद्यापीठात सापडते. बंगळूरमध्ये 1940 साली जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नासिर अहमद तेथे अध्यापन करीत होते. चित्रातील माहिती मोजक्या अंकांत एकवटण्यासाठी कोसाइन फलने वापरता येतील, अशी कल्पना त्यांनी 1972 मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनपुढे मांडली. अनुदान नाकारले गेले. कल्पना फारच साधी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. अहमद यांनी काम सोडले नाही. विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन शाखेतील के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी 1974 मध्ये अवघ्या चार पानांचा निबंध प्रसिद्ध केला. राव हेही भारतातूनच, मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून, तिकडे गेलेले. जेपेग छायाचित्रे आणि एमपेग व्हिडिओ या दोहोंच्या गाभ्याशी असलेले ‘डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म’, म्हणजे डीसीटी, ते हेच.

डीसीटी 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनातील 64 मूल्यांचे 64 सहगुणक करते. पहिला सहगुणक चौकोनाची सरासरी सांगतो, उरलेले त्यातील चढउतार. नेहमीच्या चित्रांत बहुतेक सहगुणक शून्याजवळ जातात आणि ते टाकून देता येतात; सारी बचत त्यातच आहे. डीकोडर उलट गणित करून पिक्सेल परत मिळवतो. अडचण इतकीच, की या गणितातील कोसाइन अपरिमेय संख्या आहेत. कोणतेही यंत्र त्या नेमक्या लिहू शकत नाही. कुठेतरी अंक तोडावाच लागतो. तो कुठे तोडायचा हे ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवले.

एकट्या चित्रात याने काही बिघडत नाही. 256 छटांपैकी एका छटेचा फरक डोळ्याला कळत नाही. व्हिडिओची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक फ्रेम संपूर्ण पाठवत नाहीत. मागील फ्रेमवरून अंदाज बांधून फक्त फरक पाठवतात. त्यासाठी एन्कोडर स्वतःच्या पोटात एक डीकोडर बाळगतो आणि ‘समोरच्याला आता असे चित्र दिसत असेल’ असे गृहीत धरून पुढचा फरक काढतो. समोरच्याचे गणित केसभर वेगळे असले, की गृहीत आणि वास्तव यांतील अंतर फ्रेमगणिक साचत जाते. संपूर्ण फ्रेम आली, की हिशेब पुन्हा शून्यावर. भिंतीवरची झाक एका क्षणात नाहीशी होत असे, ती यामुळे.

दूरचित्रसंवादासाठी 1990 मध्ये मंजूर झालेल्या एच.261 मानकाच्या कर्त्यांना हे ठाऊक होते. गणिताची एकच रीत सक्तीची करण्याऐवजी त्यांनी उत्पादकांना मोकळीक दिली आणि कोणताही चौकोन जास्तीत जास्त 132 वेळा फरकाने पाठवल्यावर एकदा तरी संपूर्ण पाठवावा, असा दंडक घातला. त्याच वर्षीच्या आयईईई 1180 मानकाने अचूकतेची मर्यादा आखली : यादृच्छिक 10,000 चौकोनांच्या चाचणीत कोणत्याही पिक्सेलची चूक 1 पेक्षा अधिक नसावी, चुकीच्या वर्गाची एकंदर सरासरी 0.02 च्या आत आणि चुकीची एकंदर सरासरी 0.0015 च्या आत असावी. शेवटची अट इतकी कडक का, हे थोड्या हिशेबाने कळते. स्वतंत्र, दिशाहीन चुका मद्यप्याच्या चालीसारख्या वर्गमुळाच्या गतीने वाढतात. 132 पावलांनंतर त्या दीड-दोन छटांपर्यंतच पोहोचतात. एकाच दिशेने झुकणारी चूक मात्र पावलागणिक सरळ वाढत जाते. प्रत्येक वेळी अर्ध्या छटेचा कल असला, तर तेवढ्याच पावलांत 66 छटा सरकतात.

असा कल येतो कोठून? समजा, चौकोनात पहिला सहगुणक तेवढा 4 आहे आणि बाकी सारे शून्य. मग प्रत्येक पिक्सेलचे उत्तर 4 भागिले 8, म्हणजे नेमके 0.5. पूर्णांक करताना एक डीकोडर 1 म्हणेल. दुसऱ्याचा अंक दहाव्या दशांशस्थळी किंचित कमी भरला, तर तो 0 म्हणेल. चौसष्टच्या चौसष्ट पिक्सेल एकाच दिशेने चुकतील. प्रत्यक्ष व्हिडिओत असे चौकोन वारंवार येतात. यादृच्छिक चाचणीत ते जवळजवळ येत नाहीत. चाचणी उत्तीर्ण झालेल्या यंत्रांतही झाक दिसे, त्यामागचे एक कारण हे.

यावर एच.261 आणि एमपेग-1 यांनी काढलेला तोडगा गमतीदार होता : सम सहगुणक ठेवायचेच नाहीत. 4 आला तर 3 करा. 3 भागिले 8 म्हणजे 0.375, त्यावर वाद नाही. पण 1 आणि 3 असे दोन विषम सहगुणक विशिष्ट जागी आले, तर बेरीज 4 होऊन तोच पेच पुन्हा उभा राही. म्हणून एमपेग-2 ने सर्व सहगुणकांची बेरीज पाहिली. ती सम आली, तर चौसष्टाव्या सहगुणकाचा शेवटचा बिट उलटवायचा. त्या इवल्या धक्क्याने उत्तर 0.5 वरून ढळते आणि दोन्ही यंत्रे एकाच बाजूला पडतात. या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत देखणा उपाय, पण तो ठिगळच. अपरिमेय कोसाइन जेथल्या तेथेच राहिले.

व्हिडिओ सीडीच्या काळात संपूर्ण फ्रेम वरचेवर येत असल्याने दोष झाकला गेला. एमपेग-4 च्या फायलींत जागा वाचवण्यासाठी दोन संपूर्ण फ्रेममधील अंतर शेकड्यांत गेले आणि पेच सुटूनही उरलेल्या बारीक चुका साचू लागल्या. एफएफएमपेग या मुक्त प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी त्यावर व्यवहारी मार्ग काढला. फाइलमध्ये एन्कोडरने सोडलेली सही वाचायची आणि ती एक्सव्हिडची असेल, तर एक्सव्हिडचेच उलट गणित, त्याच्या अंकतोडीसह, वापरायचे. अधिक अचूक गणित येथे उपयोगाचे नव्हते. एन्कोडरने केलेलेच गणित हवे होते.

मुळावर घाव 2003 च्या एच.264 मानकाने घातला. त्याने कोसाइनच काढून टाकले. 4 बाय 4 च्या चौकोनासाठी त्याचे स्थूल रूप घेतले, ज्यात 1 आणि 2 एवढेच अंक येतात. उलट गणित तर केवळ बेरीज, वजाबाकी आणि निम्मे करणे यांनी होते. क्रियांचा निकालही मानकातच बिटापर्यंत ठरलेला. याला पर्याय नव्हता, कारण या मानकात एकाच फ्रेममधील चौकोनही शेजाऱ्यांवरून अंदाजले जातात. तेथे केसभर फरकही फ्रेमभर पसरला असता. दोषशोधनाची रीतही पालटली. डीकोडरने दिलेल्या फ्रेमची बेरीज-खूण संदर्भाशी ताडून पाहायची. एक बिट जरी वेगळा निघाला, तरी चूक डीकोडरची.

जुने ठिगळ मात्र निवृत्त झालेले नाही. दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर अनेक वाहिन्या अजूनही एमपेग-2 मध्ये येतात आणि घरोघरच्या सेट-टॉप बॉक्समध्ये बेरीज सम आली, की चौसष्टाव्या सहगुणकाचा शेवटचा बिट आजही उलटवला जातो.