फुलदाणीचे मोल

भंडारा म्हटले की पितळी भांडी आठवतात. तेथील एका निवृत्त गुरुजींच्या घरी मात्र आम्हांला चिनी मातीची, निळ्या नक्षीची फुलदाणी पाहावयास मिळाली. आजोबांपासून घरात असलेली, काठाला बारीक टवका गेलेली. तळावरची चिनी अक्षरे वाचून कोणीतरी ती तीनशे वर्षांपूर्वीची असल्याचे सांगितले होते. घराची दुरुस्ती निघाली होती आणि गुरुजींची सारी भिस्त त्या फुलदाणीवर होती.

बाजारभावात आम्हांला गती नाही. पण वस्तूचे वय काही प्रमाणात तपासता येते.

पहिला प्रश्न, ही खरी चिनी माती का? केओलिन ही पांढरी माती आणि विशिष्ट दगडाची पूड यांचे मिश्रण सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजले की त्यात काचेसारखा द्रव तयार होऊन कणांमधल्या फटी भरून काढतो. म्हणून तळाच्या बिनझिलईच्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवला तर तो तसाच राहतो. कुंभाराचे मडके तो लगेच पिते. याच भाजणीत मुलाइटचे सुईसारखे स्फटिक तयार होऊन भांड्याला बळकटी येते. (भंडारा जिल्ह्यात सापडणारे कायनाइट भाजले तरी मुलाइटच मिळते. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटांसाठी त्याचा उपयोग होतो.) युरोपला ही कृती साधण्यास अठरावे शतक उजाडावे लागले, माइसेनचा कारखाना निघाला तो १७१० मध्ये.

थेंब तसाच राहिला. गुरुजींचा चेहरा खुलला.

मग अक्षरे. ती सम्राट खांगशीच्या कारकिर्दीची, म्हणजे १६६२ ते १७२२ या काळाची होती. परंतु जुन्या सम्राटांची नावे आदरापोटी पुढच्या काळातील भांड्यांवरही सर्रास घालीत, आणि एकोणिसाव्या शतकात खांगशीचे नाव तर फारच लाडके होते. शिवाय खाली रोमन लिपीत ‘चायना’ असा शब्द होता. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे केले; तेव्हा असा शब्द असलेली वस्तू बहुधा त्यानंतरची. हा शब्द मागाहून मारलेला शिक्का असेल काय? नखाने चाचपून पाहिले. तो झिलईखाली, नक्षीच्याच निळ्या रंगात होता. म्हणजे भांड्याबरोबरच भाजलेला. तापवल्यावर निघणारा मंद प्रकाश मोजूनही वय काढता येते, पण त्यासाठी तळ कोरावा लागतो. येथे त्याची गरजच उरली नव्हती.

गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी फुलदाणी उलटी केली, तर आतून चार-पाच खापरे पडली, काळी-तांबडी. शाळेची सहल पवनीला गेली असता मुलांनी वेचलेली! “ह्यांना तर कोणी दमडीही देणार नाही,” ते हसून म्हणाले.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले. तेथे बौद्ध स्तूप आणि ब्राह्मी लेख मिळाले. अशा ठिकाणी कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा, तेथे वस्ती केव्हा होती, हे ठरविण्यास अशीच खापरे उपयोगी पडतात. मात्र ती कोणत्या थरात होती हे नोंदलेले असावे लागते. आम्ही विचारले, ही नेमकी कुठे मिळाली? टेकडीवर की नदीकाठी?

गुरुजींना ते आठवत नव्हते.