सकाळचे ते दोन तास

आपल्या बॅचमधल्या बऱ्याच जणांची मुलं आता कॉलेजात आहेत, काहींची तर परदेशात. संकट आलं की कॉलेजचा मेसेज मुलांच्या फोनवर येणार, हे आपण गृहीतच धरतो. ही पद्धत रुळली त्यामागे एक दुःखद सकाळ आहे. मी सॉफ्टवेअरवाली, म्हणून स्मरणिकेसाठी तिच्याबद्दलच लिहिते.

१६ एप्रिल २००७. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे वैयक्तिक भांडण असावं आणि संशयित आवाराबाहेर गेला असावा, असा पोलिसांचा अंदाज झाला. विद्यापीठाच्या वरिष्ठांची बैठक साडेआठच्या आसपास बसली आणि विद्यार्थ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. मारेकरी मोकाट आहे, हे त्यात नव्हतंच. पावणेदहाच्या आत नॉरिस हॉलमधल्या वर्गांत गोळीबार सुरू झाला. एकूण ३२ बळी गेले. त्यांत मूळचे तमिळनाडूचे प्रा. जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही.

मोबाईल संदेशांची यंत्रणा तिथे तेव्हा सुरू झालेली नव्हती. पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. चौकशीत दिसलं, की विद्यापीठाच्या पोलिसांना स्वतःहून सर्वांना इशारा पाठवण्याची सोयच नव्हती. म्हणजे अडचण यंत्रापेक्षा परवानगीची होती.

त्याच वर्षी तिथे एसएमएसची सेवा सुरू झाली. २००८ मध्ये अमेरिकी कायद्यातही बदल झाला: धोक्याची खात्री होताच विद्यापीठाने विनाविलंब कळवायचं.

एसएमएस हे साधन तसं तुटपुंजं. इंग्रजीत १६० अक्षरं, आपल्या देवनागरीत तर जेमतेम ७०. कॉल लागत नसतानाही तो बरेचदा पोचतो, पण अमुक वेळेतच पोचेल याची हमी नाही. म्हणून जोडीला ईमेल, भोंगे, वर्गातले फलक ठेवतात.

२८ नोव्हेंबर २०१६ ला ओहायो स्टेट विद्यापीठात हल्ला झाला, तेव्हा काही मिनिटांतच इशारा गेला: बंदूकधारी आहे, पळा, लपा, नाहीतर लढा. प्रत्यक्षात हल्लेखोराकडे गाडी आणि सुरा होता. तपशील चुकला म्हणून टीका करता येईल. मी करणार नाही. मेसेज वाचून मुलांनी वर्गांच्या दारांना खुर्च्या लावल्या होत्या.