दोन अक्षरी उत्तर

आमचे चिरंजीव फोनवर शब्द तारेच्या दराने मोजून वापरतात. मी पाऊस, पेन्शन, वरच्या मजल्यावरची गळती असं अर्धा तास सविस्तर सांगावं आणि पलीकडून एकच शब्द यावा, 'ओके.' परवा तर डॉक्टरांनी कार्डिओग्राम पुन्हा काढायला सांगितलाय, हेही मी चाचरत सांगितलं. त्यावरही 'ओके'च!

आमच्या वडिलांकडे याच कामाला 'बरं' होतं. पण लांबवलेला 'बरंऽ' म्हणजे संमती, तुटक 'बरं' म्हणजे 'पुढे बोल' आणि 'बरं बरं' म्हणजे 'आता पुरे'. ओकेला असा सूरच नाही.

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. पण ओके काही ऋषी नव्हे. तेव्हा मी रागारागानं त्याचं कूळ काढलं. निघाली ती निव्वळ थट्टा! १८३८-३९च्या सुमारास बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं छापायची टूम निघाली होती. तिथल्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये २३ मार्च १८३९ रोजी 'ऑल करेक्ट'साठी 'ओ. के.' छापून आलं. खरी अक्षरं 'ए' आणि 'सी'. म्हणजे 'सारं बरोबर आहे' असं सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चूक! आमच्या मास्तरांनी असल्या शुद्धलेखनाला छडीच दिली असती.

या टुमेतली बाकीची आद्याक्षरं काही वर्षांत वारली. ओकेला मात्र राजाश्रय मिळाला. १८४०च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव किंडरहुक, म्हणून टोपणनाव 'ओल्ड किंडरहुक'. अनुयायांनी लगेच 'ओ. के. क्लब' काढला. व्हॅन ब्युरेन पडले, ओके निवडून आला! पुढे लोक त्याचा जन्म विसरले. राष्ट्राध्यक्ष विल्सन तर तो चॉक्टॉ आदिवासींचा शब्द समजून 'ओके'चं स्पेलिंगही वेगळं करीत. शेवटी १९६३-६४ मध्ये ॲलन वॉकर रीड या प्राध्यापकांनी जुनी वर्तमानपत्रं उपसून खरा जन्मदाखला काढला.

गंमत म्हणजे, बॉस्टनचा तो पहिला मजकूर 'घंटानाद-विरोधी' म्हणवणाऱ्या एका हौशी मंडळावरून चाललेल्या टवाळीतला. असलं नाव लावणाऱ्यांच्या पंगतीत जन्मलेला हा शब्द आमच्याकडे येऊन बसला कुठे, तर ट्रकच्या पाठीवर, 'हॉर्न ओके प्लीज'! हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली. ट्रकवाल्यांनी ती वाचली असावी आणि 'ओके' म्हटलं असावं.

एवढं ज्ञान मिळवून राग थोडा निवला. आठवड्यानं चिरंजिवांचा फोन आला.

"कार्डिओग्रामचं काय झालं?"

डॉक्टरांनी आणखी एक तपासणी सांगितली होती. पण लांबच्या पोराच्या जिवाला घोर कशाला? मी म्हणालो, "ओके."

दोन्ही अक्षरं चूक!

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाबा, आईला द्या जरा फोन."

हिनं फोन घेतला. कितीतरी वेळ नुसती "बरं… बरं… बरंऽ" म्हणत राहिली. त्या तिसऱ्या 'बरं'वरूनच मला कळलं, चिरंजीव शनिवारच्या गाडीनं येताहेत.