पोट्टा आपला, टीम कोणाची?

क्रिकेटमधलं मला फारसं कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर आमच्या शाखेतल्या कोणीतरी तुम्हाला सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मी बी. कॉम. आहे. जमा आणि नावे या दोन बाजू मला कळतात. ऑफ आणि लेग या बाजू डावखुरा फलंदाज आला की बदलतात, तिथे माझा ताळेबंद चुकतो. तरीही हा विषय मी घेतला, कारण प्रश्न क्रिकेटचा नसून मालकीचा आहे, आणि मालकी हा बँकेचा विषय आहे.

मी मूळचा अकोल्याचा. बायको अमरावतीची. नोकरी अमरावतीच्या शाखेत. म्हणजे माहेरचं सुख तिला आणि सासरचं सुख मला, दोन्ही एकाच गावात. या दोन गावांत अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. पण अकोलेकराला अमरावतीकर शिष्ट वाटतो आणि अमरावतीकराला अकोलेकर हिशेबी. मध्ये मूर्तिजापूर लागतं. तिथल्या माणसाला काय वाटतं, हे दोघांपैकी कोणीही त्याला विचारत नाही.

माझा एक मेव्हणा अमेरिकेत टेक्सासला असतो. तो आला की तिकडच्या फुटबॉलबद्दल बोलतो. त्या फुटबॉलमध्ये चेंडू हाताने फेकतात. मग त्याला फुटबॉल का म्हणतात, हे एकदा विचारलं तर तो दोन दिवस बोलला नाही. चेंडू फेकणारा जो मुख्य गडी, तो क्वार्टरबॅक. शाळेच्या टीमचा क्वार्टरबॅक चांगला निघाला की मोठमोठी कॉलेजं त्याच्या मागे लागतात, आणि सगळं गाव या सतरा वर्षांच्या पोराकडे डोळे लावून बसतं. मग एके दिवशी टेबलावर चारपाच कॉलेजांच्या टोप्या मांडतात. पोरगा त्यातली एक उचलून डोक्यावर घालतो. गाव टाळ्या वाजवतं आणि त्या दिवसापासून त्या कॉलेजचं होतं, ते कॉलेज हजार मैलांवर का असेना.

"तुमच्याकडे असं काही नाही," मेव्हणा म्हणाला.

आमच्याकडे टोपी घालणं याचा अर्थ वेगळा आहे, एवढंच मी त्याला म्हणालो. पण आमच्याकडे नाही हे काही मला पटलं नाही.

खेळाच्या बाबतीत आमचं गाव मेव्हण्याला वाटतं तेवढं मागासलेलं नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी अमरावतीत १९१४ साली काढलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपले देशी खेळ आणि कसरती करून दाखवल्या. अमरावतीत हे वाक्य रोज कोणीतरी कोणालातरी ऐकवत असतं. मी अकोलेकर असल्यामुळे मला ते अधिक ऐकावं लागतं.

आणि खेळाडू पळवण्याचं म्हणाल, तर तेही आम्ही अमेरिकेकडून शिकलो नाही. सी. के. नायडू नागपूरचे. जन्म १८९५, शाळा हिस्लॉपची. (नागपूर म्हणजे वऱ्हाड नव्हे हे मला मान्य आहे. पण इंग्रजांनी आम्हाला 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं एका दावणीला बांधलं होतं, तेव्हा बंधनाबरोबर थोडा अभिमानही वाटून घ्यायला हरकत नसावी.) शाळेच्या मैदानावर हा पोरगा चेंडू मारायचा तो थेट कुंपणाबाहेर. १९१६ साली तो मुंबईला चौरंगी सामन्यात हिंदू संघाकडून खेळला, आणि १९२३ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी त्याला बोलावून घेतलं. लष्करात कॅप्टनचा हुद्दा दिला. हुद्दा लष्कराचा, काम क्रिकेटचं. आमच्या बँकेतही पूर्वी स्पोर्ट्स कोट्यातून लागलेले एक गृहस्थ होते, त्यांचा हुद्दा कॅशियरचा होता. कॅश त्यांनी कधी पाहिली असेल तर ती पगाराचीच.

तर सीके इंदूरला गेले ते गेलेच. १९२६ साली मुंबईच्या जिमखान्यावर गिलिगनच्या एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात ११ षटकार. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी, कप्तान सीके. पुढे होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९५६-५७ साली वयाची साठी उलटल्यावर हे गृहस्थ उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते! आमच्याकडे साठीला माणसाचा लॉगिन बंद करतात.

इकडे आमचं काय? विदर्भाचा स्वतंत्र संघ १९५७-५८ पासून रणजीत आहे. माझ्या लहानपणी पेपरात विदर्भाचा निकाल पाहायचा म्हणजे शेवटच्या पानावर, शेवटच्या कॉलमात, 'थोडक्यात' या मथळ्याखाली. तो खरोखरच थोडक्यात असे. नंतर रणजीत मोठ्यांचा एक गट आणि बाकीच्यांचा 'प्लेट' गट असं झालं, तेव्हा पंगतीत बराच काळ आमच्या वाट्याला प्लेटच आली. ताट मुंबईचं.

हे दिवस संपले ते कुठे, हे ऐकण्यासारखं आहे. इंदूरला. २०१७ च्या डिसेंबरात रणजीचा अंतिम सामना विदर्भ आणि दिल्ली यांच्यात तिथल्या होळकर स्टेडियमवर झाला. म्हणजे ज्यांनी आमचा माणूस नेला, त्यांच्याच नावाच्या मैदानावर! रजनीश गुरबानीने हॅट्ट्रिक केली. आणि आमच्या अकोल्याच्या आदित्य ठाकरेचा (मुंबईचे ते नव्हेत) पहिला रणजी सामना म्हणजे थेट हा अंतिम सामना. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. साठ वर्षांनी आलेला हा करंडक पुढच्या वर्षी पुन्हा आला, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. त्या १ जानेवारीला मी घरभर पेढे वाटले. बायको म्हणाली, "नव्या वर्षाचे का?" मी म्हणालो, "अकोल्याचे." तिने पेढा घेतला, पण अर्धा.

कारण तिच्या गावाचा नंबर अजून लागायचा होता.

जितेश शर्मा अमरावतीचा. त्याने स्वतःच सांगितलंय की त्याला सैन्यदलात जायचं होतं आणि क्रिकेट धरलं ते दहावीला खेळाचे जादा मार्क मिळतात म्हणून. हे वाचून मला तो फार जवळचा वाटला. जादा मार्कांसाठी मीही शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती. मात्र माझ्या चित्रातली बादली अजून कोणी विकत घेतलेली नाही. जितेशला २०१६ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने १० लाखांना घेतलं. दोन हंगाम तो तिथे होता आणि एकही सामना खेळला नाही. अमरावतीने त्या दोन हंगामांत मुंबईच्या सगळ्या मॅचेस पाहिल्या. आमचे हेडकॅशियर तर पाणी घेऊन मैदानात कोण येतं तेवढ्यासाठीच बसायचे.

"दिसला का?" मी विचारायचो.

"पाठमोरा होता बाप्पा, पन चाल आपल्याच पोट्ट्याची होती."

आमच्या अकोल्याकडचा दर्शन नळकांडेही तसाच. पंजाबने त्याला घेतलं आणि २०१९ ते २०२१ तीन हंगाम नुसतं बसवलं. तो मैदानात उतरला २०२२ साली, गुजरातकडून, आणि तोही नेमका पंजाबविरुद्ध. त्याच वर्षी पंजाबने जितेशला २० लाखांना घेतलं, आणि अकोल्याच्या अथर्व तायडेलाही. अशा रीतीने कुठलीही नदी, भाषा किंवा भाकरी सामाईक नसताना अख्खं वऱ्हाड पंजाबचं समर्थक झालं. आमच्या शिपायाने मोबाइलवर भांगड्याची रिंगटोन लावली. मॅनेजर चंदीगडकडचे होते, ते हेलावून गेले. त्यांना वाटलं ही आपल्यासाठीच.

मग आली १७ मे २०२३ ची रात्र. धरमशाला, पंजाब विरुद्ध दिल्ली. आमचा अथर्व ५५ वर खेळत होता. मी सोफ्यावर, बायको खाली बटाटे सोलत. आणि एकदम तो बॅट काखेत मारून चालू लागला. बाद नाही, दुखापत नाही. 'रिटायर्ड आउट' म्हणाले. धावा पुरेशा वेगाने होत नाहीत म्हणून माघारी. आमच्या बँकेत याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. स्वेच्छा कोणाची, ते विचारायचं नसतं. बरं, त्याच्या जागी पाठवलं कोणाला? जितेशला!

"आता पाहा म्हणावं," बायकोने सुरी खाली ठेवली.

जितेश शून्यावर बाद झाला. पंजाब हरलं. त्या रात्री आमच्या घरात जे बोलणं झालं नाही, तेवढं लग्नाच्या अठरा वर्षांत कधी झालं नव्हतं. सकाळी डबा मिळाला. त्यात बटाटे होते, आणि मीठ नव्हतं.

पुढच्या वर्षीचा लिलाव जेद्दाहला झाला, २४ नोव्हेंबर २०२४, रविवार. लिलाव हे माझं खातं. सोनं तारण कर्जाचे कितीतरी लिलाव मी पाहिलेत. अप्सेट प्राइसच्या पुढे हजार रुपये वाढवायला लोक अर्धा तास घेतात. इथे जितेशची बोली बंगळुरूने ७ कोटींवर नेली. पंजाबने आपला जुना हक्क सांगून बरोबरी करायची तयारी दाखवली. नियमाप्रमाणे बंगळुरूला शेवटचा आकडा विचारला. त्यांनी सांगितला ११ कोटी. पंजाबने हात जोडले.

मी लगेच कॅल्क्युलेटर घेतला. २०१६ साली १० लाख, पावणेनऊ वर्षांनी ११ कोटी. दरसाल सत्तर टक्क्यांच्या आसपास चक्रवाढ! तेच १० लाख आमच्याकडे मुदतीने ठेवले असते तर सात टक्क्यांनी जेमतेम अठरा लाख, आणि त्यातून टीडीएस. हे मी सासऱ्यांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्या बँकेले कोनी विचारलं?"

गंमत अशी की अमेरिकेत टोपी पोरगा निवडतो. इथे पोरगा टीव्हीसमोर बसतो आणि टोपी त्याला निवडते. पण गावाचं तेच. दुसऱ्या दिवशी आमच्या शिपायाने भांगडा काढून टाकला.

२०२५ चा हंगाम तुम्हाला आठवत असेल. २७ मे, लखनौ. जितेश त्या दिवशी बंगळुरूचा काळजीवाहू कप्तान, समोर २२८ चं लक्ष्य. ३३ चेंडूंत नाबाद ८५! मध्ये एकदा झेल गेला, तर तो चेंडू नो-बॉल निघाला. सासूबाईंच्या मते ती अंबादेवी होती; पंचांच्या मते गोलंदाजाचा पाय होता. आणि ३ जूनला अहमदाबादला अंतिम सामना कोणाशी? पंजाबशी! जितेशने १० चेंडूंत २४ केल्या आणि बंगळुरू सहा धावांनी जिंकलं. ज्या पंजाबसाठी आम्ही तीन वर्षं नवस बोललो, ते हरल्यावर राजकमल चौकात फटाके वाजले. बँकेत अशा व्यवहाराला उलटी नोंद म्हणतात आणि तिच्यावर ऑफिसरची सही लागते. इथे कोणीच सही मागितली नाही.

इथवर ठीक होतं. आयपीएल म्हणजे भाड्याचं घर. गणपतीला पोरगा आपल्याच घरी येणार, म्हणजे विदर्भाकडूनच रणजी खेळणार, अशी समजूत होती. पण रणजीत विदर्भाचा कप्तान अक्षय वाडकर हाच यष्टिरक्षक. एका संघात स्टंपच्या मागे दोघांना उभं राहता येत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात बातमी आली, जितेश विदर्भ सोडून बडोद्याला चालला.

त्या दिवशी शाखेत कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. मी इतिहास काढला. सीके १९२३ साली इंदूरला गेले तेव्हा नागपूरकरांनाही असंच वाटलं असेल. विजय हजारे सांगलीचे, ते बडोद्याचेच झाले. आणि बडोदा काही परकं नाही, गायकवाडांचं राज्य. कोणाला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही. त्याच महिन्यात आमचा मुलगा बारावी करून पुण्याच्या कॉलेजात गेला होता. आमच्या कॉलनीतली झाडून सगळी पोरं पुण्याला असतात. त्याला सोडायला आम्ही दोघं रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर गेलो होतो. ड्रायव्हर घाई करत होता. "पोचल्यावर फोन कर," एवढंच मला म्हणता आलं, आणि तेही गाडी निघाल्यावर.

ज्या रकमेचं खातं ठरत नाही, ती आम्ही सस्पेन्स अकाउंटला टाकतो. बडोदा तूर्त तिथेच आहे. पण हेडकॅशियर सकाळी पेपर उघडतात, आधी विदर्भाचा धावफलक पाहतात, मग चष्मा पुसून बडोद्याचा.

मी एकदा त्यांना विचारलं, "विदर्भाची मॅच बडोद्याशीच लागली तर हो?"

"त्यात काय इचारता? विदर्भ जिंकला पाह्यजे."

"आणि जितेश?"

"त्यानं शंभर मारले पाह्यजे."

"आणि आपल्या अथर्वचा झेल त्याच्याकडे गेला तर?"

त्यांनी नोटांची गड्डी उचलली, पाणी लावून दहा-पंधरा मोजल्या, आणि मान वर न करता म्हणाले, "एखांदा सुटला तर चालते नं बाप्पा."