पडलेले घर पुन्हा उभे राहताना

गडमुडशिंगी (ता. करवीर) - महापूर चार-आठ दिवसांत ओसरतो, चक्रीवादळ काही तासांत शमते, पडलेले घर उभे राहण्यास मात्र कित्येकदा वर्षे लागतात. गडमुडशिंगीचा समावेश असलेल्या करवीर तालुक्याने १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर अनुभवले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे; २०१९ व २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दरम्यान, ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व उत्तर रत्नागिरीतील खेड्यांची छपरे उडविली. कारणे निराळी असली, तरी घर उभारणीतील अडचणी सारख्याच आहेत.

घर का पडते?
मातीत रचलेल्या भिंती पाण्यात मऊ होतात. पाणी उतरताच त्यांचा बाजूचा आधार जातो आणि भिजलेली भिंत स्वतःच्याच भाराने खचते. त्यामुळे पूर ओसरल्यानंतर लगेच अशा घरात राहण्यास जाणे धोक्याचे ठरते. वादळात वारा छपराला वर ओढतो. नुसत्या खिळ्यांवर टेकलेले पत्रे आणि मोकळी कौले प्रथम जातात. त्यानंतर भिंती उघड्या पडतात.

कागदांचा प्रश्न
मदतीचा आधार पंचनामा असतो. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) पाहणी करतात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घरासाठी सपाट भागात १ लाख २० हजार, तर डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये ठरविण्यात आले. पक्क्या घराच्या अंशतः पडझडीसाठी ६,५०० रुपये होते. ‘निसर्ग’नंतर राज्य शासनाने पूर्ण पडलेल्या घरांची मदत दीड लाखापर्यंत वाढविली होती.

खरी अडचण नावाची आहे. उतारा मृत आजोबांच्या नावे, घर एक आणि चुली तीन, अशी स्थिती अनेक गावांत आढळते. वाटणी तोंडी असेल, तर प्रत्येक भावाला आपला हक्क सिद्ध करणे कठीण जाते. भाडेकरू आणि अतिक्रमणातील कुटुंबे तर आणखी मागे राहतात. म्हणूनच ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि गावठाणाच्या ड्रोन मोजणीनंतर मिळणारे मालमत्ता पत्रक यांवरील नोंद आपत्तीपूर्वीच दुरुस्त करून घेणे हिताचे आहे.

जागा की जुने गाव?
प्रयाग चिखली व आंबेवाडी या गावांतील पूरग्रस्तांना १९८९ नंतर सोनतळी येथे भूखंड देण्यात आले. तरीही २०१९ आणि २०२१ मध्ये या गावांतून लोकांना बाहेर काढावे लागले. शेत, जनावरे आणि दूधधंदा नदीकाठी असताना केवळ भूखंड दिल्याने गाव हलत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचे स्थलांतर झाले. इतर असंख्य गावांत मात्र घरमालकांनी शासकीय अर्थसाह्यातून स्वतःच घरे दुरुस्त केली. त्यांना माहिती देण्यासाठी गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. पैसा, तांत्रिक सल्ला आणि निर्णयाचा अधिकार एकत्र मिळाल्यास कुटुंब आपले घर उभारू शकते, हे त्यातून दिसले.

बांधताना लक्षात ठेवावे
- जोते शक्य तितके मागील पुराच्या खुणेपेक्षा उंच घ्यावे. खालच्या भिंती सिमेंटच्या मालात बांधाव्यात.
- जोते, दारांच्या माथ्याची पातळी आणि छपराखाली सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा.
- पत्रे हुक व वायसर लावून कसावेत. कडेला व कोपऱ्यात हुक जवळजवळ असावेत.
- पडझडीची छायाचित्रे काढल्याशिवाय ढिगारा हलवू नये.
- उतारा, आधार कार्ड व बँक पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र ठेवावे.

मदतीचा धनादेश वा खात्यातील रक्कम ही केवळ सुरुवात असते. नोंद, जागा आणि बांधणी या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच पुढच्या पावसाळ्यात ते घर टिकते.