‘आर्थिक जबाबदारी’ आणि जादा जोखमीचा मोटारचालक

अमेरिकेत ज्यास ‘जादा जोखमीचा चालक’ म्हणतात, तो विमा कंपन्यांच्या कोष्टकांतून जितका जन्मास आला, तितकाच कायद्यातूनही आला. ही घडण समजून घेण्यास १९२५ हे वर्ष सोयीचे आहे. त्या वर्षी शेजारशेजारच्या दोन राज्यांनी एकाच प्रश्नास दोन भिन्न उत्तरे दिली. मोटारीखाली सापडलेल्यास न्यायालयाने भरपाई देवविली, परंतु मालकाजवळ काहीच नसले, तर त्या हुकूमनाम्याचे मोल काय, हा तो प्रश्न होय.

मॅसॅच्युसेट्सने विमा सर्वांवरच सक्तीचा केला. १ जानेवारी १९२७ पासून तेथे विम्यावाचून मोटारीची नोंदणी होईनाशी झाली. एका व्यक्तीच्या इजेसाठी किमान ५,००० व एका अपघातासाठी १०,००० डॉलरांचे संरक्षण आवश्यक ठरले. कनेटिकटने मात्र अपघात घडेपर्यंत कोणास काही विचारावयाचे नाही असे ठरविले. मृत्यू, इजा किंवा १०० डॉलरांहून अधिक नुकसान झाले, तरच मालकाने पुढील अपघातांची भरपाई देण्याची ऐपत सिद्ध करावयाची. पहिल्या अपघातात जायबंदी झालेल्याच्या हाती काही पडो वा न पडो. कायद्याची चिंता दुसऱ्या अपघातापुरती! हे वैगुण्य उघड असूनही बहुतेक राज्यांनी कित्ता गिरविला तो कनेटिकटचाच. सक्तीचा मार्ग पत्करणारे दुसरे राज्य न्यूयॉर्क, आणि त्यास १९५६ साल उजाडावे लागले. सक्तीस विमा कंपन्यांचा विरोध होता, हे त्याचे एक मोठे कारण. सक्ती आली की दरांत शासनाचा हात शिरणार आणि नको त्याचाही विमा उतरवावा लागणार, ही त्यांची धास्ती होती.

कनेटिकटच्या वळणाचे कायदे ‘आर्थिक जबाबदारीचे कायदे’ म्हणून ओळखले गेले. हे नाव विचार करण्याजोगे आहे. इंग्रजी ‘रिस्पॉन्सिबिलिटी’च्या मुळाशी उत्तर देण्याची लॅटिन कल्पना आहे, आणि मराठी ‘जबाबदारी’तही जबाब आहेच. या कायद्यांत मात्र जबाब देणे म्हणजे पैसा दाखविणे, इतका अर्थसंकोच झाला. चूक कोणाची, हा प्रश्न त्या शब्दाच्या बाहेर पडला.

त्याचे परिणाम ‘बेल विरुद्ध बर्सन’ या खटल्यात दिसतात. जॉर्जिया राज्यातील एक धर्मोपदेशक तीन ग्रामीण वस्त्यांतून मोटारीने फिरत असे. १९६८ मध्ये पाच वर्षांची एक मुलगी सायकलसह त्याच्या मोटारीच्या बाजूवर आदळली. त्याचा विमा नव्हता. ५,००० डॉलरांची हमी ठेवा, नाहीतर परवाना जाईल, असे शासनाने बजावले. आपला दोष नव्हता हे सिद्ध करण्याची त्याची तयारी होती. परंतु तो मुद्दा गैरलागू ठरविण्यात आला. दोषाच्या शक्यतेची आधी सुनावणी व्हावी, मगच परवाना स्थगित करावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये दिला. असा निर्णय मिळेपर्यंत साडेचार दशके लोटली होती.

विमा सिद्ध करा म्हणावे, आणि कंपनीने दारात उभे करू नये, अशीही कोंडी होती. तीवर न्यू हॅम्पशायरमध्ये १९३८ साली तोडगा निघाला: नाकारलेले अर्ज कंपन्यांनी आपापल्या व्यवसायाच्या प्रमाणात वाटून घ्यावयाचे. कॅलिफोर्नियाने अशा योजनेत सामील होणे कंपन्यांवर बंधनकारक केले. निवडक सभासदांचाच विमा उतरविणाऱ्या एका संस्थेने त्यास आव्हान दिले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये तो कायदा वैध ठरविला. चालकास दार उघडले खरे. मात्र आत शिरण्याचे मोल अधिक पडू लागले.

पुढे रूढ झालेले ‘एस-आर-२२’ हा पुष्कळांच्या समजुतीप्रमाणे विमा नव्हे. चालकाचा विमा चालू आहे, असे कंपनीने शासनास दिलेले ते प्रमाणपत्र होय. अनेक राज्यांत ते तीन वर्षे लागते. मध्येच हप्ता थकून विमा संपुष्टात आला, की कंपनी शासनास कळविते आणि परवाना स्थगित होतो. अनेक राज्यांत विम्याचा दर कर्जफेडीच्या इतिहासावरूनही ठरतो. त्यामुळे हा हप्ता ज्यास सर्वांत जड, त्याच्याच माथी तो पुष्कळदा मोठा पडतो. कॅलिफोर्नियात १९८८ च्या लोकमतानंतर चालकाची वर्तणूक, वार्षिक मैल आणि अनुभव यांना दरांत अग्रस्थान मिळाले, हा त्यातल्या त्यात विवेकी अपवाद.

फ्लोरिडाने २००७ मध्ये मद्यपान करून मोटार चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्यांसाठी ‘एफ-आर-४४’ हे वेगळे प्रमाणपत्र आणले. त्यासाठी एका व्यक्तीच्या इजेपोटी १,००,००० व एका अपघातापोटी ३,००,००० डॉलरांचे संरक्षण लागते. त्या वेळी त्याच राज्यात सामान्य चालकावर मात्र दुसऱ्याच्या शारीरिक इजेचा विमा उतरविण्याची सक्तीच नव्हती.