खांदेरी-उंदेरी : चाचे कोणास म्हणावे?

थळच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर दोन बेटे दिसतात. अलीकडचे उंदेरी, पलीकडचे खांदेरी. दिसावयास लहान, पण मुंबई बंदरात जाणाऱ्या-येणाऱ्या गलबतांवर तेथून नजर राही. हे ओळखूनच शिवाजी महाराजांनी इ. स. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांस खांदेरीवर धाडून तटाचे काम सुरू केले.

इंग्रजांनी गलबते आणून बेट कोंडले. तथापि त्यांची जड गलबते वाऱ्यावर अवलंबून. आपल्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत व काळोखात दाणागोटा, दारूगोळा बेटावर नेत. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज आपल्या हाती पडले. पुढे जानेवारी १६८० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी बळकावली आणि दोन्ही बेटांच्या तोफा एकमेकींवर धडाडू लागल्या.

इंग्रजांच्या दप्तरात कान्होजी आंग्रे यांचा उल्लेख 'चाचा' असाच येतो. त्यांचा गुन्हा कोणता? दस्तक न घेता फिरणारे जहाज ते पकडीत. पोर्तुगीजांनी हेच दोनशे वर्षे केले. त्यांच्या कागदाला 'कार्ताझ' म्हणत आणि तो मात्र कायदा! सरखेलांचा कागद तेवढा दरोडा ठरला. १७१८ साली इंग्रज खांदेरीवर चालून आले आणि हात हलवीत परतले.

परंतु खरे तेही सांगितले पाहिजे. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आले आणि कोकणच्या याच खाड्यांतून रात्री सोने, घड्याळे, परदेशी कापड उतरू लागले. वाट तीच, काळोख तोच. धनी मात्र निराळा. त्यात किनाऱ्यावरचा एकही माणूस नव्हता, असे छातीवर हात ठेवून कोणी म्हणू नये. १९९३ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात शेखाडीला स्फोटके उतरली, तेव्हा त्या वाटेची खरी किंमत साऱ्यांस कळली.

असो. खांदेरीवर आजही लोखंडी चाकांच्या गाड्यांवरील तोफा आहेत, ठोकल्यास भांड्यासारखा वाजणारा खडक आहे आणि कोळी बांधवांचा वेताळदेव आहे. २०२५ साली हा किल्ला जागतिक वारसा यादीत गेला. उंदेरी त्या यादीत नाही. तिचा तट झाडाझुडपांनी वेढलेला असून तोफा तेथेच मातीत पडून आहेत.